कारागिराची आई

दिवाळी अंकासाठी संपादकांनी दरवर्षीप्रमाणे श्रावणातच तगादा लावला, आणि दरवर्षीप्रमाणे मीही त्यांना शब्द दिला की, यंदा काहीतरी हलकेफुलके, चकलीचा तुकडा मोडता मोडता वाचता येईल असे लिहीन. पण माणसाने योजावे एक आणि लेखणीने शिरावे भलत्याच गल्लीत, असे होते खरे. यंदाची हकिगत आहे अडीच हजार वर्षांपूर्वी चीनमध्ये झालेल्या एका दफनाची! सणासुदीला हे काय अभद्र, असे म्हणून कृपा करून पान उलटू नका. या गोष्टीत एक हुशार कारागीर आहे, एक आई आहे आणि एक यंत्र आहे. आणि ही तिन्ही मंडळी आज तुमच्याआमच्या घरात एकत्र नांदत आहेत. सुखाने नांदत आहेत की नाही, तेवढेच पाहायचे आहे.

आधी माझ्या घरचे सांगतो. माझी आई पुण्याला एकटी राहते. वय ८२. मी मुंबईला. तिला इकडे आणण्याचे दोनदा प्रयोग झाले. दोन्ही वेळा ती महिनाभरात परत गेली. तुमच्या त्या चौदाव्या मजल्यावर पितृपक्षात कावळासुद्धा येत नाही, हे तिचे म्हणणे, आणि त्यावर आमच्यापाशी उत्तर नाही. तेव्हा गेल्या दिवाळीच्या पाडव्याला मी तिच्यासाठी एक कॅमेरा नेला. बेसनाच्या लाडवाएवढा, पांढराशुभ्र, भिंतीला अडकवायचा. घरात काय चालले आहे ते मला मुंबईत बसून फोनवर दिसणार. कुणी पडले-झडले तर फोन आपण होऊन खणाणणार. मी खुर्चीवर चढून तो दिवाणखान्यात बसवला आणि तिला मोठ्या अभिमानाने समजावून सांगितला.

तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, ‘म्हणजे तू मला केव्हाही बघू शकतोस?’

‘केव्हाही.’

‘आणि मी तुला?’

ती सोय त्यात नव्हती, असे मी सांगितले. ती काही बोलली नाही. पुढच्या महिन्यात एके दिवशी माझ्या फोनवरचे चित्र करडे पडले. यंत्र बिघडले असे समजून मी दोन रविवार त्याच्या माहितीपत्रकाशी झुंजलो. शेवटी पुण्याला जाऊन पाहतो तो, कॅमेऱ्यावर एक भरतकामाचा रुमाल व्यवस्थित पांघरलेला! जुन्या काळी रेडिओवर घालीत, तसला. कडेला मोर आणि मधोमध ‘सुस्वागतम्’.

याच सुमारास एका चिनी ग्रंथाचे भाषांतर माझ्या वाचनात होते. ‘ली ची’ म्हणजे रीतिरिवाजांचा ग्रंथ. कन्फ्यूशियसच्या परंपरेतल्या पाच प्रमाणग्रंथांपैकी हा एक. त्याचे संकलन पुढे हान राजवटीत झाले, पण त्यातल्या कथा जुन्या. आपल्याकडच्या ‘धर्मसिंधू’सारखा हा ग्रंथ रुक्ष असेल असे समजून मी तो हाती घेतला होता. पण त्यातले ‘थान कुंग’ नावाचे प्रकरण म्हणजे निव्वळ गोष्टींची पोतडी आहे. त्यात ही हकिगत सापडली.

लू नावाचे एक लहानसे राज्य होते. आजच्या शांतुंग प्रांतात. कन्फ्यूशियस तिथलाच, इ. स. पूर्व ५५१ ते ४७९ हा त्याचा परंपरेने मानलेला काळ. लूच्या गादीवर राजा होता, पण सत्ता तीन सरदार घराण्यांच्या हाती. त्यांतल्या सर्वांत बलिष्ठ घराण्याचा प्रमुख जी खांगत्सी. देशोदेशी हिंडून थकलेल्या कन्फ्यूशियसला इ. स. पूर्व ४८४ मध्ये मायदेशी परत बोलावले गेले, ते याच्याच अमदानीत. तर या जी खांगत्सीची आई वारली. दफनाच्या कामावर नेमलेला मुख्य कारागीर वयाने कोवळा होता. तेव्हा त्याच्याच कुळातला गोंगशू बान पुढे सरसावला. शवपेटी खड्ड्यात उतरवण्यासाठी आपण तयार केलेले यंत्र वापरावे, अशी त्याने विनंती केली.

हा गोंगशू बान म्हणजे साधा माणूस नव्हे. चीनमध्ये लू बान या नावाने तो आजही सुतार-गवंड्यांचे दैवत आहे. आपल्याकडे विश्वकर्म्याचा मान, तोच त्याचा. त्याने बांबू आणि लाकूड जोडून असा पक्षी केला की, तो तीन दिवस खाली उतरला नाही, अशी आख्यायिका आहे. अशा माणसाने स्वतः होऊन यंत्र देऊ केल्यावर कोण नाही म्हणणार? घरची मंडळी राजी होत आली होती. इतक्यात गोंगजियान जिया नावाचा एक गृहस्थ मध्ये पडला. हे चालणार नाही, असे त्याने बजावले. शवपेटी कशी उतरवायची याची लूमध्ये रीत ठरलेली आहे. राजघराण्याची एक, तिन्ही सरदार घराण्यांची एक. आणि मग तो बानकडे वळून जे बोलला, ते वाचताना मी पुस्तक खाली ठेवले. त्याच्या बोलण्याचा आशय असा की, बाबा रे, तू आपली करामत दुसऱ्याच्या आईवर आजमावून पाहतो आहेस. तुझ्या स्वतःच्या आईवर आजमावायला तुला कुणी अडवले होते काय? एवढे बोलून त्याने एक सुस्कारा टाकला. यंत्राचा बेत बारगळला.

झाले, एवढीच गोष्ट. ग्रंथात ती चार ओळींची आहे.

पहिल्यांदा वाचताना वाटते की, हा तर सनातनी हेका. नवे काही आले की ‘आमच्यात तशी पद्धत नाही’ म्हणणारे एक काका प्रत्येक लग्नघरात असतात, त्यांतलाच हा एक. पण दुसऱ्या शतकात चेंग श्वान नावाच्या पंडिताने या ग्रंथावर भाष्य लिहिले, त्यात एक मजेदार टीप आहे. तो सांगतो की, राजघराण्याची जी ‘रीत’ होती, ती मुळात फक्त सम्राटाचा हक्क होती. लूच्या राजाने ती बळकावली होती. आणि सरदार घराण्यांची ‘रीत’ त्यांनी राजांच्या मानातून उचलली होती. म्हणजे ज्या परंपरेचा एवढा हवाला दिला, तीच मुळी कालपरवा बळकावलेली! शिवाय त्या रीतीतही कबरीच्या कोपऱ्यांवर मोठाले लाकडी खांब रोवायचे, त्यांना मधोमध भोके पाडायची, आत कप्पी बसवायची आणि दोरखंडांनी पेटी खाली सोडायची, असा सरंजाम होता. कप्पी म्हणजे यंत्रच की! तेव्हा ‘यंत्र की रीत’ असा हा सामना नव्हताच. एका जुन्या यंत्राच्या जागी एक नवे यंत्र, एवढाच प्रश्न होता.

मग त्या सुस्काऱ्यात काय होते?

मला वाटते, दोन गोष्टी होत्या. एक ‘आजमावणे’ या शब्दात आहे. दोरखंडांबद्दल कुणाची तक्रार नव्हती. शवपेटी खाली जात नाही, अशी अडचण नव्हती. अडचण असलीच तर ती बानची होती. त्याच्याजवळ एक नवे यंत्र होते आणि ते दाखवायला जागा नव्हती. दुसऱ्याच्या घरचे दुःख त्याला नाट्यगृहासारखे दिसले. दुसरी गोष्ट त्या दोरखंडांत आहे. याच ‘ली ची’त अन्यत्र असा दंडक आहे की, दफनाला जो मदतीस जाईल, त्याने पेटीचा दोर हाती धरलाच पाहिजे. चिनी भाषेत ‘दोर धरणे’ याचा अर्थच अंत्ययात्रेला जाणे असा झाला, आणि औपचारिक भाषेत तो आजही टिकून आहे. आपण ‘खांदा देणे’ म्हणतो, तसे. आता बानच्या यंत्राने पेटी अधिक हळुवार, अधिक सरळ उतरली असती, हे मी मान्य करतो. पण चाळीस माणसांच्या हातांतले दोर सुटले असते आणि ती चाळीस माणसे नुसती बघत उभी राहिली असती. ज्याला आपण निव्वळ श्रम समजतो, तो श्रम हेच काही वेळा काम असते; तो वाचवला की काम होते, पण माणसे रिकामी उरतात.

बानच्या स्वतःच्या आईचे काय झाले, याचीही एक कथा आहे; गोंगजियान जियाला उत्तर म्हणूनच जणू कुणीतरी रचलेली. ती पहिल्या शतकातल्या वांग छुंग या लेखकाने नमूद करून ठेवली आहे. बानने आपल्या आईसाठी लाकडी रथ केला, लाकडी घोडे केले, वर लाकडी सारथी बसवला, आत सगळी कळसूत्रे जोडली आणि आईला त्यात बसवून कळ फिरवली. रथ जो सुटला तो सुटला! आई पुन्हा कधी दिसली नाही. वांग छुंग मोठा चिकित्सक माणूस. लोकांच्या भाकडकथा सोलून काढण्यात त्याचा हातखंडा. तो हिशेब मांडतो की, बानचा पक्षी जर तीन दिवसांनी थांबत होता, तर त्याच जातीची कळसूत्रे असलेला रथही तीन दिवसांत वाटेत कुठेतरी थांबलाच असता. तेव्हा ही गोष्ट खोटी. वांग छुंगच्या तर्कात खोट काढता येत नाही. अलीकडे चीनमधल्या वूहान शहरात बिनचालकाच्या टॅक्स्या रस्त्यावर फिरल्या, त्याही कुठेतरी थांबल्याच. तरीही लोकांनी ही गोष्ट का रचली असेल, हा प्रश्न राहतोच. चांगला मुलगा, उत्तम कारागीर, हेतू शुद्ध. आणि आई हरवली.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. कन्फ्यूशियस हा यंत्रांचा शत्रू होता, अशी समजूत करून घेऊ नये. तो मान दुसऱ्यांचा आहे. च्वांगत्सी या ताओपंथी ग्रंथात एक प्रसिद्ध कथा आहे. त्सीकुंग हा कन्फ्यूशियसचा व्यवहारचतुर, व्यापारी वृत्तीचा शिष्य प्रवासात एका म्हाताऱ्या माळ्याला पाहतो. म्हातारा विहिरीत उतरून घागरीने पाणी आणतो आणि वाफे शिंपतो. त्सीकुंग त्याला सांगतो की, एका टोकाला वजन आणि दुसऱ्याला बादली असे आडवे लाकूड विहिरीवर लावलेस, तर एका दिवसात शंभर वाफे भिजतील. म्हातारा रागावतो, मग हसतो आणि म्हणतो की, ते मला ठाऊक आहे, पण यंत्र वापरता वापरता माणसाचे मनही यंत्रासारखे होते, म्हणून मला लाज वाटते. जर्मन शास्त्रज्ञ हायझेनबर्ग याने १९५५ साली प्रसिद्ध केलेल्या एका पुस्तकात ही कथा सांगितली आणि तेव्हापासून ती जगभर झाली. कथा गोड आहे. पण त्या माळ्याला म्हातारी आई नसावी, आणि रोज शंभर वाफे भिजवून दहा तोंडे पोसायची नसावीत, असे मला आपले वाटते.

कन्फ्यूशियसची चाल याहून निराळी, संसारी माणसाची. त्याच्या संवादांच्या संग्रहात टोपीची एक गोष्ट आहे. पूजेची टोपी तागाची असावी, असा जुना नियम होता. ती विणायला फार मेहनत पडे. म्हणून लोक रेशमी टोपी वापरू लागले, ती स्वस्त पडे. कन्फ्यूशियस म्हणाला की, यात काटकसर आहे, मी लोकांबरोबर आहे. दुसरा नियम असा होता की, राजाला वंदन करायचे ते पायऱ्यांखालून. लोक वर चढून जाऊन वंदन करू लागले. त्यावर तो म्हणाला की, यात उद्दामपणा आहे. सगळे जग वर चढले तरी मी खालूनच करणार. दोन बदल, एकाच माणसाचे दोन निर्णय. नवे म्हणून विरोध नाही आणि नवे म्हणून स्वागतही नाही. ते आल्याने माणूस माणसाशी कसा वागू लागला, एवढेच तो बघतो. टोपी बदलली तरी तिच्याखालचे मस्तक पूर्वीइतकेच लवते, मग बदलू द्या टोपी.

आणि तो स्वतःही रीत मोडतो, हे कुणी सांगत नाही. त्याच ‘थान कुंग’ प्रकरणात त्याच्या आईची हकिगत आहे. वडील त्याच्या लहानपणीच गेले, आईने वाढवले. ती गेल्यावर त्याने तिला वडिलांच्या शेजारी फांग इथे पुरले. जुन्या काळी कबरीवर उंचवटा करीत नसत. पण हा म्हणाला की, मी आज पूर्वेला तर उद्या पश्चिमेला भटकणारा माणूस. खूण ठेवल्याशिवाय कसे चालेल? म्हणून त्याने चार फूट उंचीचा मातीचा ढिगारा रचवला. फूट त्यांच्याकडचे, आपल्यापेक्षा आखूड. तो स्वतः पुढे निघाला, शिष्य मागे राहिले. मोठा पाऊस आला. शिष्य उशिरा पोहोचले, तेव्हा त्याने उशिराचे कारण विचारले. फांगची कबर ढासळली होती, ती सावरून आलो, असे ते म्हणाले. तो बोलेना. त्यांनी तीनदा सांगितले. तेव्हा त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले आणि तो एवढेच म्हणाला की, जुने लोक कबरीची डागडुजी करीत नसत, असे मी ऐकले आहे.

ही गोष्ट मला कॅमेऱ्याजवळ आणून सोडते. दूर राहणारा मुलगा, जवळ राहता येत नाही म्हणून केलेली एक युक्ती, तीही पुरती टिकत नाही, आणि कारण सांगता येणार नाही असे रडू. बानपेक्षा हा मला जवळचा वाटतो.

अलीकडे काही विद्वानांनी हा सगळा जुना ठेवा यंत्रांच्या नीतीच्या प्रश्नाला लावून पाहिला आहे, आणि तो उद्योग मला फार पटतो. शॅनन व्हॅलॉर या विदुषीने २०१६ साली आपल्या पुस्तकात अ‍ॅरिस्टॉटल, बुद्ध आणि कन्फ्यूशियस या तिघांना एका बैठकीला बसवून यंत्रयुगात माणसाने कोणते गुण जोपासावेत, हे विचारले. पाक-हांग वाँग आणि टॉम शियाओवेई वांग यांनी संपादित केलेले ‘हार्मोनियस टेक्नॉलॉजी’ हे पुस्तक २०२१ साली आले. ते तर केवळ कन्फ्यूशियसी दृष्टीवरच आहे. युरोप-अमेरिकेत यंत्राबद्दल प्रश्न पडतो तो बहुधा असा: याने कुणाचा हक्क हिरावला? नुकसान किती, फायदा किती? प्रश्न रास्तच आहेत. पण ही मंडळी आणखी एक विचारतात: हे यंत्र वापरणारा कोण? मुलगा, बाप, शिक्षक, वैद्य, शेजारी? आणि ते वापरून तो अधिक चांगला मुलगा, अधिक चांगला शेजारी होतो की कमी? माणूस सुटासुटा धरला तर यंत्र फक्त सोय असते. नात्यात धरला तर तेच यंत्र वागणूक होते.

याचा नमुना म्हणून कन्फ्यूशियसचा एक झणझणीत विचार पाहा. आजकाल आईबापांना खाऊ घातले की पितृभक्ती झाली असे लोक समजतात, अशी त्याची तक्रार होती. पण खाऊ तर आपण कुत्र्याघोड्यांनाही घालतो, मनात आदर नसेल तर दोहोंत फरक तो काय? म्हाताऱ्यांना औषध देणारी, उचलून बसवणारी, गप्पा मारणारी यंत्रे आज निघाली आहेत. त्यांच्यामुळे म्हाताऱ्यांचे पोषण बिघडेल, असे कुणी म्हणणार नाही. प्रश्न मुलाच्या बाजूचा आहे. सेवा करता करता माणूस जे शिकतो, ते दुसऱ्याकडून करून घेतले तर तो कुठे शिकणार? व्हॅलॉरबाईंनी २०११ सालीच एका लेखात हा मुद्दा मांडला होता. म्हाताऱ्याचा पाय चेपणारा मुलगा त्या पायापासून काहीतरी घेत असतो. ते यंत्राला घेता येत नाही आणि मुलाला आणूनही देता येत नाही.

चीनमध्ये हा केवळ पुस्तकी प्रश्न राहिलेला नाही. २०१३ सालच्या जुलैपासून तिथे कायदाच झाला की, वेगळे राहणाऱ्या मुलांनी आईवडिलांना वरचेवर भेटावे किंवा त्यांची विचारपूस करावी. लगेच वूशी शहरातल्या न्यायालयाने एका मुलीला तिच्या वृद्ध आईकडे दर दोन महिन्यांतून निदान एकदा जाण्याचा हुकूम दिला. हुकमाने गेलेली मुलगी दारात उभी राहिल्यावर त्या माउलीला काय वाटले असेल, ते न्यायाधीशांनी लिहून ठेवलेले नाही! आणि २०२० सालच्या नोव्हेंबरात हूपेइ प्रांतातले एक दृश्य सगळ्या देशाने पाहिले. ९४ वर्षांच्या एका आजीबाईंना बँकेतल्या यंत्रापुढे चेहरा दाखवायचा होता. यंत्र उंचावर, आजींचे गुडघे वाकेनात. तेव्हा घरच्या माणसाने त्यांना दोन्ही हातांनी उचलून यंत्रापुढे धरले. वंदन कुणी कुणाला करायचे, याचा हिशेब किती उलटा झाला, ते त्या एका दृश्यात दिसते. लोक फार हळहळले. त्याच महिन्यात तिथल्या सरकारने फर्मान काढले की, म्हाताऱ्यांसाठी जुन्या पद्धतीच्या खिडक्या आणि माणसे ठेवलीच पाहिजेत.

पण म्हणून सगळेच श्रेय कन्फ्यूशियसला देऊन मोकळे होण्यात अर्थ नाही. या विचारात एक धोका आहे आणि तो या विद्वानांतल्या काहींनाही दिसतो. ‘सुसंवाद’, ‘आपापली पायरी’, ‘वडीलधाऱ्यांचा मान’ हे शब्द सत्ताधाऱ्यांना फार आवडतात. प्रत्येक चौकात कॅमेरा बसवणारा अधिकारी सहज म्हणेल की, मी तर बापाच्या मायेने लक्ष ठेवतो आहे. वास्तविक कन्फ्यूशियसनेच बजावून ठेवले आहे की, सुसंवाद निराळा आणि सगळ्यांनी होयबा होणे निराळे. आणि चुकणाऱ्या बापाला व राजालाही स्पष्ट सांगणे हे मुलाचे व मंत्र्याचे कर्तव्य आहे. परंतु ग्रंथातली ही पाने अधिकाऱ्यांकडून नेमकी चिकटून राहतात, हा सर्व देशांतला अनुभव आहे.

त्याच्याच परंपरेतला मेन्शियस यापेक्षा परखड. बाण करणारा हा चिलखत करणाऱ्यापेक्षा मुळात दुष्ट असतो काय, असे तो विचारतो. नसतो, पण एकाला रात्री झोप येत नाही ती बाण लागेल की नाही म्हणून, आणि दुसऱ्याला बाण लागेल म्हणून. तेव्हा धंदा निवडतानाच सांभाळा, असे त्याचे म्हणणे. माझा एक भाचा बंगळूरला एका कंपनीत आहे. लोकांची नजर फोनवरून हटू नये, एवढ्यासाठी त्याला पगार मिळतो. मुलगा अतिशय गुणी आहे. मागे त्याला मी ही बाणाची गोष्ट सांगितली. तो बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, ‘मामा, चिलखतवाल्यांकडे जागा निघत नाहीत.’

असो. आता इथवर वाचून तुम्ही म्हणाल की, लेखकाने शहाणपणा शिकून कॅमेरा काढून टाकला असेल आणि रुमाल घडी करून कपाटात ठेवला असेल. मीही तसेच ठरवले होते. या लेखाचा शेवट तेव्हा मनात तयार होता आणि तो मोठा सुबक होता.

आषाढात आई स्वयंपाकघरात पडली. ओट्यावरून दुधाचे पातेले उतरवताना पाय घसरला. दीड तास ती फरशीवर होती. कामाच्या बाई साडेदहाला येतात, त्या आल्या तेव्हा कळले. डावे मनगट मोडले होते, बाकी देवाने सांभाळले. मी पोहोचलो तेव्हा हात प्लास्टरमध्ये होता आणि ती बाईंना सांगत होती की, पातेल्यातले दूध मात्र सगळे गेले. दिवाणखान्यातल्या भिंतीवर रुमाल होता. त्यावरचे ‘सुस्वागतम्’ माझ्याकडे बघत होते. कॅमेरा उघडा असता तरी त्याला स्वयंपाकघर दिसले नसते, हे खरे. पण त्या दीड तासाचे मी काय करू? सगळे चिनी ग्रंथ एका पारड्यात टाकले तरी तो दीड तास खाली जातो.

त्या रात्री मी जरा आवाज चढवूनच विचारले, ‘तो रुमाल कशाला घातलास, आई?’

ती म्हणाली, ‘रुमाल मी सोमवारी घातला होता. तुझा फोन आला गुरुवारी.’

मला काही बोलता येईना. सुरुवातीचे आठ-दहा दिवस मी फोनवर तिला दिवसातून पाचसहा वेळा बघत असे. जप करताना, भाजी निवडताना, डुलकी घेताना. मग बघण्याचे काम यंत्राचे झाले. काही झाले तर ते सांगेलच. काही होत नव्हते, म्हणून मी बघत नव्हतो. आणि कॅमेरा आल्यापासून माझा रोजचा रात्रीचा फोनही दोन दिवसांआड, मग चार दिवसांआड कधी झाला, ते मला कळले नव्हते. तिला कळले होते. दोर माझ्या हातातून सुटला होता आणि पेटी अगदी व्यवस्थित खाली जात होती.

नवरात्रात पुन्हा गेलो. प्लास्टर निघाले होते. आईनेच विषय काढला. तिने या प्रकरणाचा माझ्यापेक्षा अधिक विचार केला होता, असे दिसले. कॅमेरा स्वयंपाकघरात लाव, तिथे मी पडते. दिवाणखान्यात नको, तिथे मी कवळी काढून बसते आणि तुझ्या बाबांच्या फोटोशी बोलते, ते तू ऐकायचे कारण नाही. रात्री नऊला फोन करायचा, ‘बरी आहेस ना’ एवढे विचारून ठेवायचा नाही. तुझ्याकडे काय झाले ते सांगायचे, भांडण झाले असले तरी सांगायचे. आणि आरशासारखे दोन्हीकडून दिसणारे यंत्र मिळत असेल तर तेही आण, म्हणजे तू जेवतोस की नाही ते मला बघता येईल.

मी स्टूल आणले, वर चढलो आणि ओट्यासमोरच्या भिंतीत स्क्रू पिळू लागलो. भिंत जुनी, चुन्याची, स्क्रू धरेना. खाली आईने उजव्या हाताने स्टुलाचा पाय घट्ट धरला होता, आणि डावा, नुकताच सांधलेला हात, माझ्या पोटरीला लावून ती उभी होती.

‘खाली बघ जरा,’ ती म्हणाली, ‘पडशील.’